दोन वाजून दहा

सहभागी क्रमांक चारशे सतरा.
वय एकाहत्तर. पुरुष. विधुर.
कागदगिरणीत एकोणचाळीस वर्षं, मग गिरणी बंद, मग घर.
सिगारेट: सोडली. दारू: शनिवारी.
झोप कशी लागते? ठीक.
मन कशात रमतं? ठीक.
(हे उत्तर प्रश्नाला बसत नाही,
पण फिनलंडच्या या टोकाला नोव्हेंबरात
बहुतेक उत्तरं अशीच येतात.)

गेल्या आठवड्यात किती जणांशी बोललात?
इथे आधी दोन लिहिलेलं, मग खोडून एक.

मी फक्त आकडे भरते.
माणसं सिर्का बघते. तिच्याकडे गाडी आहे,
रक्तदाबाचं यंत्र आहे, बर्फावर न घसरणारे बूट आहेत.
माझ्याकडे एक खिडकी, साडेतीनला काळी होणारी.

मनगटावरच्या पट्टीने पाठवलेलं:
रोजची पावलं चार हजार सहाशे.
या वयाला छानच. संगणकाने हिरवा ठिपका दिला.
हिरव्या ठिपक्याची माणसं कमी खचतात
असं आमचं गृहीतक आहे,
आणि गृहीतकावर तीन वर्षांचा निधी.

मी सहज तास उलगडले.
दिवसभरात सहाशे चाळीस.
उरलेली सगळी रात्री दोन दहा ते चार.
रोज.

पट्टी बिघडली असेल, सिर्का म्हणाली.
मी म्हटलं, बिघडलेली पट्टी इतकी वक्तशीर नसते.

तेराव्या दिवशी ती गेली.
तैस्तो पेक्कारिनेनने
(नाव मला कळायला नको होतं, ती फोनवर बोलून गेली)
कॉफी ठेवली, दालचिनीचा पाव काढला, विकतचा,
दोन बश्या मांडल्या, तिसरी उचलून परत ठेवली.
पलंगापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत
लिनोलियमवर फिकट वाट पडलेली,
गुरं पाण्यावर जाऊन पडते तशी.
अकरा पावलं जायला, अकरा यायला.

हेल्वीचं औषध दोन दहाला असायचं, तो म्हणाला.
सहा वर्षं.
तिला उठवून बसवायचं, धाप बसेपर्यंत पाठ चोळायची,
चारला कुठे तिचा डोळा लागायचा.
मार्चमध्ये ती गेली.
मला कळलंय. कागदपत्रं केली, तिचा कोट देऊन टाकला.
पायांना अजून कुणी कळवलेलं नाही.

रक्तदाब एकशे अडुसष्ट.
नियम असा, तीनदा घ्यायचा, पहिला सोडून द्यायचा.
दुसरा एकशे एकसष्ट.
तिसऱ्याआधी तो गिरणीतल्या ओल्या लगद्याबद्दल बोलत बसला,
त्या वासावरून हेल्वी त्याला अंधारातही ओळखायची,
आणि घरात घ्यायची नाही, आधी अंघोळ.
तिसरा एकशे त्रेचाळीस.
यातला खरा कोणता? त्याने विचारलं.
सिर्काने सरासरी लिहिली.

हृदयाची फाइल तिसऱ्या खोलीत, मनाची पाचव्या,
मधल्या चौथीत कॉफीचं यंत्र.
जिवाची फाइल कुणाच्याच नावावर नाही.
शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा असते.
मी लिहिलं: हालचाल आहे, जाणं नाही.

चौदावा, शेवटचा दिवस.
दुपारी बारा चाळीसला एक हजार नऊशे पावलं, सलग,
मग वीस मिनिटं काहीच नाही,
मग तितकीच परत.
कुठे थांबला ते पट्टी सांगत नाही.
गिरणीचं फाटक, दफनभूमी, की नुसताच दम लागला.

रात्री दोन दहाला उठलाच.
अकरा पावलं. अकरा.
मग सकाळी सातपर्यंत रकाना कोरा.

एका माणसाच्या एका रात्रीने काही सिद्ध होत नाही,
नव्या मुलांना हे मीच शिकवते.
कदाचित पट्टी काढून उशाशी ठेवली असेल.
तरी ती ओळ मी पिवळी करून ठेवलीय.